फुरुलिन, नंबर येईपर्यंत

आमच्या ऑफिसच्या स्वयंपाकघरात, येर्बा चहाचा डबा ठेवायच्या फळीखाली, खिळ्याला दोरीने बांधलेली एक शाळकरी वही लटकत असायची. त्या वहीत आम्ही आमचे शब्द लिहायचो.

प्रोग्रॅम लिहिताना एखाद्या गोष्टीला अजून नाव नसतं. नाव शोधत बसलं तर काम अडतं. मग तोंडाला येईल तो शब्द ठोकून द्यायचा आणि पुढे जायचं. हे जगभर चालतं. आमच्याकडे मात्र प्रत्येकाचे शब्द ठरलेले होते. माझे तापिती आणि तापितोन. वाल्दोचे ग्रोम्पो आणि ग्रोम्पेता. मास्तरांचे फुरुलिन, फुरुलान आणि फुरुलेरो. एकाने दुसऱ्याचा शब्द वापरायचा नाही. काम खरं सुरू झालं की शब्द काढून तिथे नाव घालायचं आणि वहीत त्यावर काट मारायची. जो विसरेल त्याने सगळ्यांसाठी कोपऱ्यावरच्या बेकरीतून डझनभर मेदियालुना, म्हणजे चंद्रकोरीसारखे गोड पाव, आणायच्या. वाल्दोच्या विसरभोळेपणावर आम्ही दोन हिवाळे गरम गरम मेदियालुना खाल्ल्या.

ऑफिस प्रांताच्या पाणी खात्याचं. पुएर्तो अल्मादा गावाला पाराना नदीचा पूर कधी येणार, हे सांगणं एवढंच आमचं काम. नदीकाठी अकरा ठिकाणी पातळी मोजायची यंत्रं बसवलेली. ती दर दोन मिनिटांनी आकडा पाठवायची आणि तो आमच्या पडद्यावर उमटायचा. आकडा धोक्याच्या रेषेवर गेला की बाहोमधला भोंगा वाजायचा. बाहो म्हणजे गावाचा सखल भाग. पत्र्याची घरं, साडेतीनशे कुटुंबं, आणि गार्सास नावाचा एक ओढा, जो वर्षातले अकरा महिने डबक्यासारखा पडून असतो.

मी इर्मा. मला पसारा खपत नाही. माझ्या घरी चमचेसुद्धा एका बाजूला तोंड करून ठेवलेले असतात. नवरा त्यालाच वैतागून गेला, असं माझी बहीण म्हणते. म्हणत असेल. पण वहीतल्या जुन्या पानांवर काट न मारलेला शब्द दिसला की माझ्या कपाळावर आठ्या पडायच्या, हे खरं आहे. आणि असा एकच शब्द होता. फुरुलिन. समोर मास्तरांचं टपोरं अक्षर, आणि बाजूला पेन्सिलीने लिहिलेलं: नंबर येईपर्यंत.

मास्तर म्हणजे एव्हारिस्तो पेरेय्रा. सगळा प्रोग्रॅम मुळात त्यांनीच उभा केला. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. बायको गेलेली, मुलगा दक्षिणेत. बाहोमध्ये ते आणि त्यांचा पोरोतो नावाचा भुरा कुत्रा, असे दोघंच राहायचे. महिन्यातून एकदा पोरोतोला घेऊन ऑफिसात यायचे, येर्बाचा कडू चहा चार-पाच वेळा भरून घ्यायचे, माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघायचे आणि एखादी चूक दाखवून निघून जायचे. चूक खरीच असायची, म्हणून मला जास्त राग यायचा.

आता नोव्हेंबरचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं. वाल्दो भोंग्याची चाचणी घेत होता. त्याने ग्रोम्पो नावाचं खोटं यंत्र उभं केलं, त्याला नऊ मीटरची पातळी दिली, आणि जेवायला निघून गेला. चाचणी भोंग्यापर्यंत पोचायची नव्हती, पण त्याने ती खऱ्या मशीनवर चालवली होती. भोंगा वाजला. ऐन दुपारी, सगळं बाहो झोपेत असताना. माणसं पोरंबाळं उचलून चढाने धावत सुटली. त्या गर्दीत दोन्या क्लोतिल्दे नावाची एक म्हातारी पायऱ्यांवरून पडली आणि आठवड्याने गेली. पाणी एक वीतसुद्धा चढलेलं नव्हतं.

आमचे साहेब, इंजिनिअर बेर्तोलोत्ती, एकटे तिच्या मयताला गेले. परत आले तेव्हा त्यांच्या कोटावर चिखलाचे गोळे होते. कोणी मारले ते त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी भोंग्याला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. यापुढे आकडा वर गेला की आमच्या खोलीत घंटा वाजणार, आणि साहेबांनी किल्ली फिरवली तरच भोंगा वाजणार.

मग त्यांनी मला बोलावलं. वाल्दोला नाही, मला. म्हणाले, "इर्मा, त्या वहीतला एकही शब्द परत त्या घंटेपर्यंत पोचता कामा नये. कसं करायचं ते तू बघ."

मी खूश झाले. खोटं कशाला बोलू? मी वही उघडली, सगळे शब्द उतरवून घेतले, आणि प्रोग्रॅममध्ये एक ओळ लिहिली: यातल्या कुठल्याही नावाने आकडा आला तर तो टाकून द्यायचा. दाखवायचा नाही, मोजायचा नाही. ओळ चालू केली तेव्हा पडद्यावरून एकच नाव गेलं. फुरुलिन, १.२०. मी नोकरीला लागल्यापासून ते यादीच्या तळाशी तसंच पडून होतं, कायम १.२०, कधी १.२५. खात्याच्या अकरा यंत्रांच्या यादीत ते नव्हतं. मास्तरांनी कधीतरी केलेला प्रयोग असणार, तसाच विसरलेला. 'नंबर येईपर्यंत' हेही मी वाचलं होतं. आमच्या खात्यात सगळंच नंबर येईपर्यंत असतं, असं म्हणून मी हसले होते.

मास्तर तेव्हा दक्षिणेत मुलाकडे गेले होते, ते थेट मार्चअखेर परतले; पण एक फोन करायला दोन मिनिटं लागली असती. मी केला नाही. त्यांची एक चूक माझ्या हाती लागली होती आणि मला ती त्यांना विचारून घालवायची नव्हती.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सलग तीन दिवस पाऊस लागला. चौथ्या दिवशी दुपारी ऑफिसात मी, वाल्दो आणि साहेब एवढेच होतो. बाकीचे जेवून झोपायला घरी गेले होते. पडद्यावर अकराच्या अकरा यंत्रं हिरवी होती. पाराना धोक्याच्या रेषेपासून चांगली दीड मीटर खाली होती. वाल्दो खुर्चीत पाय पसरून घोरत होता. मी चहाचं पाणी गरम करत होते.

दोन वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. मास्तर होते.

"पोरी, जागी आहेस ना?" ते म्हणाले. "फुरुलिन काय म्हणतोय?"

मला वाटलं, थट्टा करतायत. "कोण?"

"फुरुलिन गं. माझ्या दारातल्या गटारातून पाणी उलटं वर यायला लागलंय. भोंगा वाजला नाही, म्हणजे चारच्या खालीच असणार, म्हणून मी पडून होतो. पण पोरोतो काही झोपू देईना. म्हटलं विचारावं."

मी किटली खाली ठेवली. "मास्तर, फुरुलिन हे खरं यंत्र आहे?"

"मग काय खोटं आहे? गार्सासच्या पुलाखाली मी स्वतः बसवलंय, ब्याण्णवच्या पुरानंतर. जुन्या सामानातून जोडलं. खात्याकडे अर्ज केला, मंजुरी आली की बारावा नंबर देणार होते. तोवर काहीतरी नाव हवं म्हणून फुरुलिन ठेवलं. सहा वर्षं झाली, अजून नंबरच आला नाही." ते थोडे थांबले. "काय झालं? आकडा दिसत नाही का तुला?"

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "एक मिनिट थांबा, बघते."

ओळ काढायला दहा सेकंद लागली. पण मशीन जुनं होतं, प्रोग्रॅम थांबवून परत सुरू करायला त्याला चार मिनिटं लागायची. ती चार मिनिटं मी पडद्यासमोर उभी राहून काढली. वाल्दो जागा झाला आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. एकेक करून अकरा हिरवे आकडे परत आले. मग तळाशी बारावी ओळ उमटली, लाल.

फुरुलिन, ४.६८.

आणि खोलीत घंटा वाजली.

टाकून दिलेले आकडे मशीनने एका कोपऱ्यात साठवून ठेवले होते. मी ते उघडले. ओढ्याने चार मीटरची रेषा एक वाजून दहा मिनिटांनी ओलांडली होती. सव्वा तास झाला होता. आणि सबंध बाहो दारं-खिडक्या लावून झोपलेलं होतं.

घंटा ऐकून साहेब बाहेर आले. त्यांनी पडद्यावरचं नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे काय आहे?"

"साहेब, हे खरं यंत्र आहे. गार्सासच्या पुलाखाली. मास्तरांनी बसवलंय. ओढा चढलाय, नदी नाही. किल्ली द्या."

"कागद दाखव."

"कागद नाही. मंजुरी आली नाही अजून."

"म्हणजे कागद नाही, नंबर नाही, आणि नाव आहे फुरुलिन." साहेब हळू बोलत होते. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. "इर्मा, एका ग्रोम्पोसाठी मी एका बाईला पुरलंय. आज तू मला फुरुलिनसाठी भोंगा वाजवायला सांगतेस. परत ती माणसं पायऱ्यांवरून पडायची, आणि परत पाणी नसायचं. त्यानंतर हा भोंगा कितीही वेळा वाजला तरी बाहोमधलं कोणी उठणार नाही. कळतंय तुला?"

कळत होतं, हीच तर पंचाईत होती. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं.

"मास्तर फोनवर आहेत," मी म्हटलं. "त्यांनाच विचारा."

फोन साहेबांच्या टेबलावर जोडून घेतला आणि स्पीकर लावला. पावसाचा आवाज खोलीभर झाला. पत्र्यावर पडणारा, एकसारखा.

साहेब म्हणाले, "पेरेय्रा, मला डोळ्यांनी बघणारा माणूस हवा. पुलाखाली रंगवलेली मोजपट्टी आहे ना अजून?"

"आहे."

"तिच्यावरचा आकडा मला कोणी सांगितला तर मी किल्ली फिरवतो."

"मी जातो," मास्तर म्हणाले. "तीनशे पावलांवर तर आहे."

"मास्तर, तुम्ही जाऊ नका," मी म्हटलं. "तुम्ही चढावर जा, आत्ताच्या आत्ता. वाल्दोला गाडीने पाठवते मी."

"या चिखलातून वाल्दो पोचेपर्यंत अर्धा तास. आणि त्याला मोजपट्टी वाचता येते का विचार आधी." ते हसले. "रिसीव्हर टेबलावर ठेवून जातोय. तुमच्याकडून तोडू नका, या पावसात परत लाइन मिळायची नाही. पोरोतोला आत कोंडतो, नाहीतर मागे येईल."

दार वाजलं. कुत्रा दोनदा भुंकला. घड्याळात दोन एकतीस झाले होते.

आम्ही तिघं त्या फोनभोवती उभे राहिलो. मास्तरांच्या घरात रेडिओ चालू होता, कोणीतरी फुटबॉलबद्दल बडबडत होतं. पोरोतो दाराला नखं घासत होता. पडद्यावर आकडा बदलत होता. ४.७१. ४.७४. मग वाल्दो कोट चढवून निघून गेला. त्याला कोणी सांगावं लागलं नाही.

दोन छत्तीस. ४.७९.

"साहेब," मी म्हटलं, "इकडे बघा जरा. वाल्दोचा ग्रोम्पो काय होता? नऊ. सरळ नऊ. पहिल्यापासून शेवटपर्यंत नऊ. माणूस खोटा आकडा देतो तेव्हा असाच देतो, त्याला आळस असतो. हा बघा. एक वीसला चार शून्य आठ, मग चार शून्य सात, मग चार बारा. पावणेदोनला थांबलाय, तेव्हा पाऊस थांबला होता, आठवतंय तुम्हाला? मग परत चढलाय. नाव आम्ही कसंही ठेवलेलं असेल. हा आकडा कोणाला बसल्या जागी सुचेल का?"

साहेब पडद्याजवळ आले. त्यांनी बोटाने एकेक आकडा खाली वाचत नेला. त्यांचा हात खिशावर गेला आणि तिथेच राहिला.

"तो येऊ दे," ते म्हणाले. "पाच मिनिटं. पाच मिनिटांत येईल तो."

दोन एकेचाळीस. ४.८८. मास्तर आले नाहीत.

मी किल्ली हिसकावून घ्यायचा विचार केला, हे लपवत नाही. साहेब साठीला आलेले, मी धडधाकट. पण मी घेतली नाही. डोक्यात एकच चालू होतं: माझी ओळ नसती तर ही घंटा एक दहाला वाजली असती. हेच भांडण आम्ही तेव्हा केलं असतं. साहेबांनी असाच कागद मागितला असता, मास्तर असेच पुलावर गेले असते, तेव्हा पाणी काठाच्या आत होतं, आणि ते बघून आरामात परत आले असते.

फोनवर रेडिओ बंद पडला. वीज गेली असणार. आता पाऊस आणि कुत्रा एवढंच ऐकू येत होतं. मग पोरोतोचं भुंकणं बदललं. नखांचा आवाज थांबला. तो कशावर तरी चढला असावा, कारण एकदम जवळून, रिसीव्हरच्या अगदी शेजारून तो कण्हायला लागला.

आणि त्याच्या मागे दुसरा एक आवाज येऊ लागला. टक. थोड्या वेळाने परत टक. लाकडाचं काहीतरी भिंतीवर हळूच आपटत होतं.

मला तो आवाज कळला नाही. साहेबांना कळला. ते लहानपणी खालच्या बेटांवर वाढलेले होते, हे मला नंतर समजलं.

"खुर्ची तरंगतेय," ते म्हणाले.

त्यांनी किल्ली काढली. ती दोनदा कुलपाच्या बाजूला घसरली. मी त्यांचं मनगट धरलं आणि आम्ही दोघांनी मिळून ती फिरवली. दोन अठ्ठेचाळीस.

भोंगा आमच्यापासून तीन किलोमीटरवर होता. आम्हाला तो फोनमधून ऐकू आला. मास्तरांच्या रिकाम्या घरात, पावसाच्या वरून तो चढत गेला. पोरोतो त्याच्या सुरात सूर मिसळून एकदा लांब रडला. मग लाइन गेली. स्पीकरमधून नुसती खरखर यायला लागली, तरी साहेबांनी फोन बंद केला नाही.

बाहोमधली सगळी माणसं निघाली. नोव्हेंबरच्या धड्यानंतरही निघाली, कारण भोंग्याने जाग आल्यावर त्यांनी पलंगावरून पाय खाली टाकले ते पाण्यातच. वाल्दोने खात्याच्या गाडीतून चार फेऱ्या मारल्या आणि पाचव्या फेरीला गाडीच तिथे सोडून छातीभर पाण्यातून एका बाळंतिणीला घेऊन आला. कोणी मेलं नाही. शंभरावर घरं गेली.

मास्तर मात्र कुठे दिसत नव्हते. साडेतीन वाजले, साडेचार वाजले. मी चढावरच्या शाळेत येणाऱ्या प्रत्येक बोटीच्या तोंडाशी उभी होते. मनात त्यांना काय सांगायचं ते जुळवत होते, आणि मग आता सांगावंच लागणार नाही की काय, असं वाटून मला स्वतःची शिसारी येत होती.

पावणेसहाला त्यांना आणलं. पुलाजवळच्या पंपघराच्या छपरावर तीन तास बसून होते. ओठ निळे पडले होते. लोकांनी त्यांना वर्गातल्या बाकावर बसवलं, दोन ब्लँकेटं गुंडाळली. मी समोर गेले तसा त्यांनी हात पुढे केला. तळव्यावर पेनाने लिहिलेलं होतं, अर्धं पुसलेलं.

"चार शहाऐंशी," ते म्हणाले. "दोन चाळीस. लिहून घे. परत फिरलो तर वाटेवर कमरेएवढं पाणी. मग वर चढलो."

मी लिहून घेतलं. खरंच घेतलं, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना.

"भोंगा ऐकला मी," ते म्हणाले. मग आजूबाजूच्या बायकांना म्हणाले, "ही बघा ती पोरगी. हिनेच वाजवला."

एका बाईने माझे दोन्ही हात धरले. दुसरी माझ्यासाठी कडू चहा भरून घेऊन आली. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. त्या वेळी गप्प राहणं फार सोपं होतं. आजही कधी कधी वाटतं, गप्प राहिले असते तर काय बिघडलं असतं?

"मास्तर," मी म्हटलं, "भोंगा एक दहाला वाजायला हवा होता. फुरुलिन बरोबर सांगत होता. मीच त्याला टाकून दिलं होतं. नोव्हेंबरात. मी एक ओळ लिहिली, वहीतले सगळे शब्द फेकून द्यायची. म्हणून तुम्हाला एवढ्या पाण्यात पुलावर जावं लागलं."

मास्तर माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. पडद्यावरची चूक शोधताना बघायचे तसे.

"मला फोन का नाही केलास?" त्यांनी विचारलं.

पुढे तीन महिने चौकशी चालली. राजधानीतून दोन माणसं आली, त्यांनी साहेबांना, वाल्दोला, मला शंभर प्रश्न विचारले. मी सगळं सांगितलं. साहेबांना लवकर रिटायर केलं, माझी दोन वर्षांची बढती रोखली. पण हा एक प्रश्न कोणी विचारला नाही. तो फक्त मास्तरांनी विचारला, आणि माझ्याकडे उत्तर होतं, पण भरल्या वर्गात म्हणण्यासारखं नव्हतं.

"पोरोतोला बघितलं का कोणी?" मग त्यांनी विचारलं. "मी आत कोंडून गेलो होतो."

मी मान खाली घातली.

ऑगस्टमध्ये मंजुरीचा कागद आला. केंद्र क्रमांक बारा, गार्सास पूल. मी प्रोग्रॅममध्ये नाव बदललं आणि मास्तरांना फोन केला. या वेळी लगेच केला. ते फक्त "बरं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ऑफिसात आले. पुरानंतर पहिल्यांदाच. एकटेच होते. हातात बेकरीचं खोकं, त्याला दोरी बांधलेली.

"हे काय, मास्तर?" वाल्दोने विचारलं.

"डझनभर मेदियालुना. सहा वर्षं माझा शब्द वहीत तसाच राहिला. नियम म्हणजे नियम."

त्यांनी खोकं टेबलावर ठेवलं. वाल्दोला दिलं, मला दिलं. मग त्यांनी वही खिळ्यावरून काढली, पान शोधलं आणि फुरुलिनवर सरळ एक काट मारली. 'नंबर येईपर्यंत' वरही मारली.

"आता तू सांग," ते मला म्हणाले. "दुसऱ्याचा शब्द न विचारता फेकून दिला तर काय, हे या वहीत कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही."

"मग लिही."

मी पेन्सिल घेतली. शेवटच्या पानावर लिहिलं: ज्याचा शब्द त्याला विचारल्याशिवाय टाकायचा नाही. लिहून झाल्यावर वही त्यांच्यापुढे केली. त्यांनी वाचलं, आणि ओळीच्या पुढच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"आणि टाकला तर? त्याने काय आणायचं?"

मी त्यांच्या पायांकडे बघितलं. इथे आले की पोरोतो तिथेच, त्यांच्या बुटांवर हनुवटी टेकून पडायचा.

"तुम्हीच सांगा," मी म्हटलं.

"मला नाही सुचत," मास्तर म्हणाले. त्यांनी टोपी घातली आणि ते गेले.

वही अजून खिळ्याला आहे. ती जागा मी कोरीच ठेवली आहे.